पाऊण किलो फोम



जुना फ्रिज भंगारवाला फोडताना तुम्ही कधी पाहिला असेल, तर पत्र्याआडून निघणारा पिवळसर, कडक फेसाचा थर तुम्हाला आठवेल. दुकानदार त्याला ‘पफ’ म्हणतात. बोटाने दाबला तर खळगा पडतो, नखाने कुरतडला तर भुगा होतो. आज मी ज्या अपघाताबद्दल बोलणार आहे, तो साधारण याच जातीच्या पाऊण किलो फोममुळे झाला. त्यात सात माणसं गेली, एक अवकाशयान गेलं आणि पुढच्या आठ वर्षांत ती यानं उडवण्याचा सगळा उद्योगच गुंडाळला गेला.

१ फेब्रुवारी २००३, शनिवार. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे नऊ वाजत होते आणि आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. कोलंबिया हे स्पेस शटल सोळा दिवसांची फेरी आटोपून परत येत होतं. आपल्या घड्याळाप्रमाणे ७ वाजून ४६ मिनिटांनी ते फ्लॉरिडात उतरायचं होतं. यानात कर्नालची कल्पना चावला होती, त्यामुळे आपल्याकडेही पुष्कळ घरांत त्या वेळेकडे लक्ष होतं. आमच्याकडे शेजारच्या काकूंनी दार वाजवलं आणि म्हणाल्या, ‘अहो, टीव्ही लावा, कल्पनाचं यान येत नाहीये.’ रात्रीची शेवटची एस.टी. आली नाही की आपण जसं म्हणतो, तसंच त्या म्हणाल्या. यान ‘येत नाही’ म्हणजे काय, हे त्या क्षणी ना त्यांना उमगलं होतं ना आम्हाला.

कमांडर रिक हसबंड, पायलट विल्यम मॅकूल, मायकेल अँडरसन, डेव्हिड ब्राऊन, लॉरेल क्लार्क, इस्रायलचे पहिले अंतराळवीर इलान रामोन आणि कल्पना. कल्पनाची ही दुसरी वारी. पहिली १९९७ मध्ये झाली होती, तीही कोलंबियातूनच. या खेपेला काम होतं निव्वळ विज्ञानाचं. सुमारे ८० प्रयोग होते आणि ते चोवीस तास चालावेत म्हणून सातही जण दोन पाळ्यांत काम करत होते.

आता जरा मागे जाऊ, १६ जानेवारीला, उड्डाणाच्या दिवशी.

शटल उडताना त्याच्या पोटाशी पंधरा मजली इमारतीएवढी एक नारिंगी टाकी असायची. तिच्यात शून्याखाली २५३ अंशांवरचा द्रवरूप हायड्रोजन आणि शून्याखाली १८३ अंशांवरचा द्रवरूप ऑक्सिजन. टाकीवर बर्फ धरू नये म्हणून बाहेरून फोमचा थर चढवलेला असे. यानाचं नाक टाकीला जिथे दांड्यांनी जोडलेलं होतं, तिथे हा फोम हाताने फवारून, तासून उतार देत. गवंडी कोपऱ्याला गोलाई देतो ना, तसा. उड्डाणानंतर ८१ सेकंदांनी, यान जमिनीपासून वीस किलोमीटरवर आवाजाच्या जवळपास अडीचपट वेगाने चाललेलं असताना, त्या उताराचा एक तुकडा निखळला आणि डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला.

फोम तो, त्याने काय होणार? नासातल्या बऱ्याच लोकांनाही हेच वाटलं. म्हणून इथे एक साधी गोष्ट समजून घ्या. धावत्या एस.टी.च्या खिडकीतून कागदाचा बोळा टाकला, तर तो सर्रकन मागे उडाल्यासारखा वाटतो. खरं तर तो मागे जातच नाही. हवा त्याला जागच्या जागी थोपवते आणि गाडी पुढे निघून जाते. तेच दगड टाकला, तर तो काही अंतर गाडीबरोबर धावतो. फोमचा तुकडा हलका होता म्हणूनच हवेत झटक्यात मंदावला. मागून येणारा पंख तसाच भरधाव. दोघांच्या वेगात ताशी साडेआठशे किलोमीटरच्या आसपास फरक पडला आणि त्या फरकाने पंख त्या तुकड्याला धडकला. तो जड असता, तर हा फरक इतका वाढला नसता.

यातलं काही यानातल्या कुणाला जाणवलं नाही. दुसऱ्या दिवशी जमिनीवरच्या कॅमेऱ्यांच्या फिल्म धुऊन आल्या तेव्हा धडक दिसली. ज्या कॅमेऱ्याने ती सगळ्यात चांगली टिपायला हवी होती, त्याचं फोकस नेमकं बिघडलेलं. पंखाखालून पांढऱ्या धुळीचा लोट निघालेला दिसत होता. काय फुटलं, ते दिसत नव्हतं.

यापुढचे पंधरा दिवस मला या गोष्टीतले सगळ्यात महत्त्वाचे वाटतात, कारण या पंधरा दिवसांत कोलंबिया सुखरूप होतं. माणसं काम करत होती, हसत होती, घरच्यांशी बोलत होती. पंखाला मात्र भोक होतं आणि ते कुणी पाहिलेलं नव्हतं.

काही अभियंत्यांना चैन पडेना. लष्कराच्या दुर्बिणींनी किंवा उपग्रहांनी पंखाचा फोटो काढून घ्यावा, अशी मागणी त्यांनी केली. एकदा नव्हे, तीन वेगवेगळ्या वाटांनी केली. लष्कराकडे त्यावर हालचालही सुरू झाली होती. २२ जानेवारीला ती थांबवण्यात आली. वर विचारणा झाली ती अशी: ही मागणी नेमकी कुणाची? ती अनिवार्य आहे का? सरकारी कचेरीत ज्यांनी नोकरी काढली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. अर्जात काय लिहिलंय ते बाजूला राहतं आणि ‘योग्य मार्गाने आला नाही’ असा शेरा पडतो.

अभियंत्यांची कोंडी काय झाली बघा. फोटो हवा असेल, तर आधी नुकसान झालंय हे दाखवून द्या. आणि नुकसान दाखवून द्यायचं, तर हातात फोटो हवा.

फोटो नाही म्हटल्यावर मंडळी आकडेमोडीकडे वळली. त्यासाठी ‘क्रेटर’ नावाचं एक गणिती साधन होतं. ते बेतलेलं होतं लहानसहान तुकड्यांवर. हा तुकडा आकारमानाने त्यांच्या कित्येक शे पट मोठा होता. तरीही ते वापरलं गेलं. त्याने दिलेलं उत्तर काळजी वाटावी असंच होतं, पण ‘हे नेहमी जरा जास्तच दाखवतं’ म्हणून ते खाली आणलं गेलं. ह्यूस्टनमधल्या एका अभियंत्याने त्या दिवसांत कडक शब्दांत एक ई-मेल लिहिला. धोका वाटत असेल तर बोला, अशी भित्तिपत्रकं नासात ठिकठिकाणी लावलेली होती. त्यांचीच आठवण त्याने मेलमध्ये करून दिली होती. मेल छापून त्याने एका सहकाऱ्याला दाखवला. वरिष्ठांना मात्र पाठवला नाही. वरच्यांना ओलांडून जाणं त्याला बरं वाटेना.

२३ जानेवारीला कमांडर आणि पायलटला खालून कळवण्यात आलं की उड्डाणाच्या वेळी फोम लागला होता, पण काळजीचं काही कारण नाही. तेही कशासाठी? वार्ताहरांनी मुलाखतीत विचारलं, तर ठाऊक असावं म्हणून. पाच दिवसांनी, २८ जानेवारीला, याच सात जणांनी वर अवकाशात मौन पाळलं. १९८६ साली त्याच तारखेला चॅलेंजर हे शटल उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं होतं आणि त्यातले सात जण गेले होते.

परतीच्या वाटेवर काय झालं, ते थोडक्यात सांगतो. शटल वातावरणात शिरताना पंखाची पुढची कड दीड हजार अंशांच्याही पुढे तापायची. ती कड खास कार्बनच्या फळ्यांची असायची, त्यांना हा ताप सोसायचा. आतला सांगाडा मात्र ॲल्युमिनियमचा. ॲल्युमिनियम साडेसहाशे अंशांच्या थोडं पुढे गेलं की वितळतं. आठव्या क्रमांकाच्या फळीला पडलेल्या भोकातून तापलेला वायू आत घुसला आणि त्याने पंख आतून जाळायला सुरुवात केली. आपल्या वेळेने ७ वाजून २४ मिनिटांनी ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात पहिली खूण दिसली. डाव्या पंखातल्या चार सेन्सरांचे आकडे एकापाठोपाठ एक गेले. पाच मिनिटांनी डाव्या चाकांच्या दाबाचे आकडे गेले. त्यावर कमांडर हसबंड काही उत्तर देऊ लागले आणि शब्द अर्ध्यावर तुटला. यान तेव्हा टेक्सासवर ६१ किलोमीटर उंचीवर होतं.

फ्लॉरिडात धावपट्टीशी घरची माणसं उभी होती. शटल उतरण्याच्या दोन-तीन मिनिटं आधी आकाशात लागोपाठ दोन दणके ऐकू यायचे. त्या दिवशी ते आले नाहीत. ह्यूस्टनमध्ये कुणाला तरी फोन आला की टेक्सासच्या आकाशात तुकडे पडताना टीव्हीवर दिसत आहेत. तेव्हा फ्लाइट डायरेक्टरने कक्षाची दारं लावून घ्यायला सांगितली. कुणी बाहेर जायचं नाही, कुणी फोन करायचा नाही, समोरची नोंद जशीच्या तशी जपून ठेवायची. अपघाताच्या वेळचा हा नियमच आहे.

मग सुरू झाला शोध. पूर्व टेक्सास म्हणजे पाइनची जंगलं, काटेरी झुडपं, दलदल. पंचवीस हजारांवर लोक त्या कामात उतरले. जंगलात वणवे विझवणारी पथकं रांग धरून, हाताच्या अंतरावर एकमेकांच्या शेजारी चालत पाऊल न् पाऊल तपासत होती. हेम्पहिल नावाच्या छोट्या गावात लोकांनी आपण होऊन या पथकांच्या जेवणाची व्यवस्था उचलली. शोधमोहिमेतलं एक हेलिकॉप्टर कोसळून आणखी दोन माणसं गेली. शेवटी ८४,००० च्या आसपास तुकडे मिळाले. वजनाने ते यानाच्या ३८ टक्के भरले. फ्लॉरिडातल्या एका हँगरमध्ये जमिनीवर यानाचा आराखडा आखला आणि प्रत्येक तुकडा त्याच्या जागी मांडत गेले. डाव्या पंखाच्या कडेजवळची जागा सगळ्यात रिकामी राहिली.

चौकशीला निर्णायक वळण दिलं एका टेपने. कोलंबिया हे पहिलं शटल, १९८१ चं. नवं यान म्हणून चाचणीसाठी त्यात शेकडो जादा सेन्सर बसवलेले होते. ते तसेच राहून गेले होते. नंतरच्या शटलांत ते एवढे नव्हते. या सेन्सरांची नोंद ठेवणारी पेटी १९ मार्चला हेम्पहिलजवळ सापडली, जवळपास धडधाकट. पंखातली कुठली तार कोणत्या क्षणी जळाली, हे तिच्यावरून ओळीने लावता आलं. आणखी एक सांगायचं राहिलं. प्रयोगासाठी नेलेले मिलिमीटरभर लांबीचे कृमी होते. त्यांच्या डब्या काही आठवड्यांनी उघडल्या, तर ते जिवंत होते.

तरीही ‘फोमने एवढं होईल?’ हा प्रश्न उरलाच होता. नासातल्या जबाबदार माणसांनाही ते पटत नव्हतं. म्हणून ७ जुलैला टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओला एक प्रयोग झाला. अटलांटिस या दुसऱ्या शटलवर उडून आलेली आठव्या क्रमांकाची फळी उभी केली आणि नायट्रोजनच्या दाबावर चालणाऱ्या तोफेतून तेवढ्याच वजनाचा फोम तेवढ्याच वेगाने तिच्यावर डागला. फळीला सुमारे ४० सेंटिमीटर लांब-रुंद भगदाड पडलं. माणसाचं डोकं सहज आत जाईल, एवढं. पाहणारे गप्प झाले. वाद तिथे संपला.

ॲडमिरल हॅरल्ड गेमन यांच्या अध्यक्षतेखाली तेरा जणांचं चौकशी मंडळ नेमलेलं होतं. त्यात सॅली राइडही होत्या, चॅलेंजरच्या चौकशीतही बसलेल्या. मंडळाचा अहवाल २६ ऑगस्ट २००३ ला आला. तांत्रिक कारण फोमचंच होतं. पण मंडळाने ठासून सांगितलं की अपघाताला नासाची कामाची रीत तितकीच जबाबदार आहे. एका कुणावर खापर फोडून ते मोकळे झाले नाहीत, म्हणून मीही इथे अधिकाऱ्यांची नावं घेत बसत नाही.

मूळ आराखड्यात स्पष्ट लिहिलेलं होतं की टाकीवरून काहीही पडता कामा नये. प्रत्यक्षात ज्या ७९ उड्डाणांची चित्रं उपलब्ध होती, त्यांतल्या ६५ मध्ये फोम पडला होता. पहिल्यांदा पडला तेव्हा धावपळ झाली. पुढे पुढे यान परत आलं की त्याच्या उष्णता रोखणाऱ्या फरशांवरचे खड्डे मोजायचे आणि बुजवायचे, एवढंच काम उरलं. स्वयंपाकघरात गॅसचा बारीक वास रोजच येत असेल, तर महिन्याभरात तो वासच येईनासा होतो. तसंच झालं. ऑक्टोबर २००२ मध्ये, कोलंबियाच्या आधी दोनच उड्डाणं, टाकीच्या याच जागेवरचा तुकडा निखळून बाजूच्या बूस्टर रॉकेटवर आदळला होता. तरी पुढचं उड्डाण कुणी थांबवलं नाही. घाई होती. अवकाश स्थानकाचा एक भाग १९ फेब्रुवारी २००४ ला वर न्यायचा होता आणि त्या तारखेला किती वेळ उरला, हे सेकंदागणिक दाखवणारा स्क्रीनसेव्हर व्यवस्थापकांच्या संगणकांवर चालू होता.

चॅलेंजरच्या उड्डाणाच्या आदल्या रात्री, जानेवारी १९८६ मध्ये, बूस्टर बनवणाऱ्या कंपनीचे अभियंते सांगत होते की इतक्या थंडीत रबराची कडी घट्ट बसणार नाही. त्यांना उत्तर मिळालं: तुमच्याकडे पुरावा पुरेसा नाही. सतरा वर्षांनी फोटो मागणाऱ्यांनाही तेच. माझ्या मते या दोन्ही अपघातांचं मूळ इथे आहे. उडवणाऱ्याने यान सुरक्षित असल्याचं सिद्ध करायचं, हा नियम. तो उलटा फिरला आणि यान असुरक्षित असल्याचं सिद्ध करायची जबाबदारी काळजी करणाऱ्यावर आली.

‘समजा, फोटो काढला असता आणि भोक दिसलं असतं, तरी काय करणार होतो?’ असं त्या वेळी काही जण म्हणाले, नंतरही म्हणत राहिले. स्थानकावर जाता येत नव्हतं हे खरं, कोलंबियाची कक्षा निराळी होती आणि तिकडे वळायला इंधन नव्हतं. पण चौकशी मंडळाने हा हिशेब नासाकडूनच करून घेतला. कार्बन डायऑक्साइड शोषणारे डबे काटकसरीने वापरले असते, तर सात जण १५ फेब्रुवारीपर्यंत वर तग धरू शकत होते. अटलांटिस १ मार्चच्या उड्डाणासाठी तयार होतच होतं. रात्रंदिवस काम केलं असतं, तर ते १० फेब्रुवारीच्या सुमाराला उडू शकलं असतं. धोका मोठा होता, पण वाट होती. ‘काहीच करता आलं नसतं’ हे वाक्य निदान यापुढे तरी कुणी उच्चारू नये.

पुढे काय झालं? शटल जमिनीवर खिळली. स्थानकावर तिघे जण अडकले होते, ते मे महिन्यात रशियाच्या सोयूझमधून उतरले. २६ जुलै २००५ ला आयलीन कॉलिन्स डिस्कव्हरी घेऊन निघाल्या, तर टाकीवरून फोमचा मोठा तुकडा पुन्हा सुटला! यानाला लागला नाही, एवढंच. पुन्हा वर्षभर थांबणं आलं. कोलंबियानंतर प्रत्येक शटल वर गेल्यावर पंखांची तपासणी लांब दांड्यावरच्या कॅमेऱ्याने होऊ लागली. स्थानकापाशी पोचल्यावर यान सावकाश कोलांटी घेई आणि स्थानकातले लोक त्याच्या पोटाचे फोटो काढत. २००३ मध्ये जो एक फोटो मिळाला नाही, तो आता दर खेपेला शेकड्यांनी निघत होता. हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीची शेवटची फेरी २००९ मध्ये झाली, तेव्हा दुसरं शटल सुटकेसाठी तळावर सज्ज ठेवलेलं होतं.

स्थानक पूर्ण करून शटल थांबवायची, असं जानेवारी २००४ मध्येच ठरलं होतं. जुलै २०११ मध्ये अटलांटिस शेवटचं उतरलं. १३५ उड्डाणं, दोन अपघात, चौदा माणसं. तिथून मे २०२० पर्यंत अमेरिकेला आपली माणसं वर पाठवायला रशियाच्या यानात पैसे मोजून जागा घ्यावी लागली.

आपल्याकडे ५ फेब्रुवारी २००३ ला पंतप्रधान वाजपेयींनी जाहीर केलं की ‘मेटसॅट’ हा हवामान उपग्रह यापुढे ‘कल्पना-१’ या नावाने ओळखला जाईल. दहा वर्षांहून अधिक काळ हा उपग्रह ढगांची चित्रं पाठवत होता. जूनमध्ये अरबी समुद्रावर मान्सून कुठवर आलाय, हे आपण ज्या चित्रांत पाहायचो, त्यांतली बरीच तिच्या नावाची होती.

आणि आता अगदी अलीकडचं. जून २०२४ मध्ये सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर बोइंगच्या नव्या स्टारलायनर यानातून स्थानकावर गेले, आठेक दिवसांसाठी. वाटेत हेलियम गळू लागला, काही थ्रस्टर बंद पडले. त्यांना त्याच यानातून परत आणायचं का नाही, यावर दोन महिने खल चालला. नासाचे तेव्हाचे प्रमुख होते बिल नेल्सन. जानेवारी १९८६ मध्ये ते स्वतः कोलंबियातून अवकाशात जाऊन आले होते आणि ते उतरल्यावर दहाच दिवसांत चॅलेंजर गेलं होतं. २४ ऑगस्ट २०२४ ला त्यांनी निर्णय जाहीर केला की स्टारलायनर रिकामं खाली येईल. त्या वेळी त्यांनी दोन्ही शटलांचा उल्लेख केला. या खेपेला यान धोक्याचं आहे हे कुणी सिद्ध केलं नव्हतं. ते सुरक्षित आहे हे सिद्ध झालं नव्हतं, आणि तेवढं पुरेसं ठरलं.

७ सप्टेंबरला ते रिकामं यान न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात अलगद उतरलं. सुनीता विल्यम्स दुसऱ्या यानाने, २८६ दिवसांनी, १९ मार्च २०२५ च्या आपल्या पहाटे फ्लॉरिडाजवळच्या समुद्रात उतरल्या.